मूठ मध्ये आली की

१३ फेब्रुवारी २०२१ रोजी लास व्हेगासमध्ये यूएफसी या मिक्स्ड मार्शल आर्ट्स (एमएमए) स्पर्धेच्या पिंजऱ्यात रोदोल्फो व्हिएरा उतरला, तेव्हा ही लढत कशी संपणार याबद्दल फारशी कुणाला शंका नव्हती. ब्राझिलियन जिउ-जित्सूमध्ये तो अनेकदा जगज्जेता झालेला. एडीसीसी या मातब्बर स्पर्धेचं २०१५चं विजेतेपद त्याच्या नावावर, आणि एमएमएमध्ये तोवर तो एकही लढत हरलेला नव्हता. समोरचा अँथनी हर्नांडेझ मेहनती गडी, पण जमिनीवरच्या पकडींत व्हिएराच्या पासंगालाही पुरणार नाही असाच सगळ्यांचा होरा. पहिल्या फेरीत व्हिएराने त्याला खाली घेऊन वर कब्जाही मिळवला. हर्नांडेझ मात्र सुटला, उठला आणि मारू लागला. जिउ-जित्सूच्या मॅटवर दहा-दहा मिनिटं न थकणारा व्हिएरा पाच मिनिटांत धापा टाकू लागला. दुसऱ्या फेरीत ठोसे त्याच्या तोंडावर बसत होते. दमलेल्या पायांनी तो कसाबसा पाय धरायला पटात घुसला आणि हर्नांडेझने त्याची मान काखेत धरून आवळली. हा गिलोटिन चोक, शिकणारा पहिल्या काही आठवड्यांत शिकतो तो. जगज्जेत्याने हात आपटून हार मानली.

असा निकाल लागला की जिउ-जित्सूवाल्यांच्या घरातलं जुनं भांडण उकरलं जातं. एका बाजूचं म्हणणं असं की पदकांच्या नादात मूळ विद्या बिघडली. ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या आद्य गुरूंपैकी हेलियो ग्रेसींनी शिकवलेलं जिउ-जित्सू मारामारीत स्वतःला वाचवण्यासाठी होतं, त्यात ठोशाचा विचार सर्वांत आधी होता. आजच्या स्पर्धकाला समोरचा माणूस आपल्याला मारू शकतो याचाच विसर पडलाय. दुसरी बाजू यावर हसते आणि विचारते, आत्मसंरक्षणाच्या वर्गात ऐकणाऱ्या जोडीदारावर घोटवलेले डाव खऱ्याखुऱ्या तयारीच्या गड्यावर कधी लावून पाहिलेत का? एमएमए हा दोघांनाही मान्य असलेला पंच. ठोसे, लाथा, गुडघे, कोपर, कुस्ती, सांध्याचे आणि गळ्याचे पेच, सगळं तिथे चालतं. आणि या पंचाने गेल्या तीसेक वर्षांत दिलेले निकाल पाहिले तर त्याने दोन्ही बाजूंचे कान उपटलेले दिसतात.

मराठी वाचकाला या भांडणाची चव ओळखीची वाटेल. मातीतली निकाली कुस्ती खरी की मॅटवरची गुणांची, हा वाद कोल्हापूर-सांगलीकडे आजही रंगतो. महाराष्ट्र केसरीला तर माती आणि गादी असे दोन विभागच आहेत. फरक एवढाच की कुस्तीत पाठ टेकली की खेळ खलास, आणि जिउ-जित्सूत बऱ्याचदा तिथूनच सुरुवात होते. पाठीवर पडलेला माणूस दोन्ही पायांनी वरच्याची कंबर आवळतो, त्याचे हात आणि मान ताब्यात घेतो आणि खालूनच त्याचा गळा दाबतो किंवा कोपर उलटं पिळतो. या स्थितीला गार्ड म्हणतात. पैलवानाच्या डोळ्यांना हे बघवत नाही. चितपट झालेला गडी जिंकतो कसा? त्याची शंका अगदीच अनाठायी नाही, कारण सगळा वाद अखेर याच जागी येऊन अडतो: पाठीवर पडलेल्याच्या तोंडावर वरून ठोसा आला तर?

हेलियो ग्रेसींकडे या प्रश्नाचं उत्तर होतं. जपानच्या कोदोकान ज्युदोत तयार झालेला मित्सुयो माएदा १९१४मध्ये ब्राझीलला पोचला आणि पुढे ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेम शहरात स्थिरावला. तिथे कार्लोस ग्रेसी हा पोरसवदा मुलगा त्याच्याकडे शिकला, आणि पुढे ही विद्या कार्लोसकडून भावांकडे गेली. धाकटे हेलियो अंगाने किरकोळ. जे डाव ताकदीवर चालत ते त्यांना लागू होईनात, म्हणून तरफ आणि धीर यांवर त्यांनी भर दिला. रिओ द जानेरोतल्या ग्रेसी अकादमीत बरेच विद्यार्थी खासगी शिकवणीला येत. त्यांना पदक नको होतं, गचांडी धरणाऱ्याच्या हातून सहीसलामत सुटायचं होतं. अभ्यासक्रमही तसाच होता: मागून कुणी कवळा घातला तर काय, मान काखेत दाबली तर काय, अंगावर धावून आला तर काय, छातीवर बसून मारायला लागला तर काय. जिंकण्याआधी न हरायला शिकायचं, दांडगा माणूस दमेपर्यंत तग धरायचा आणि मग त्याची चूक पकडायची, हे त्यामागचं सूत्र.

या पद्धतीचा एक धडा जवळून पाहण्यासारखा आहे. खाली पडलेला विद्यार्थी पायांनी वरच्याची कंबर आवळतो आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी ओढून स्वतःच्या छातीशी घट्ट धरतो. ठोशाला जोर मिळतो तो हात मागे नेल्यावर. डोकं छातीला चिकटलेलं असलं की हात मागे नेता येत नाही, बसतात त्या नुसत्या थापट्या. वरच्याने जोर करून अंग उचललं तर खालचा लगेच गुडघे आत घेऊन त्याच्या दंडांना अडसर घालतो. तो आणखी उठला तर पावलं त्याच्या कमरेवर येतात. उभाच राहिला तर एक पाय लाथेसाठी रोखून धरायचा आणि संधी मिळताच मागे हात टेकून स्वतः उठायचं. सांगायला सोपं, पण यात एक पक्का हिशेब आहे. समोरच्याला एक तर अंगाला चिकटवून ठेवायचं, नाहीतर ठोसा पोचणारच नाही इतकं लांब. मधल्या अंतरात रेंगाळायचं नाही.

१२ नोव्हेंबर १९९३ला डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी झाली, तेव्हा हा हिशेब सगळ्या जगाने पाहिला. स्पर्धेच्या कर्त्यांमध्ये हेलियोंचा थोरला मुलगा रोरियन होता आणि लढायला उतरला धाकटा रॉइस, वजन जेमतेम ऐंशी किलो. कुटुंबातला सर्वांत धिप्पाड गडी मुद्दामच पाठवला नव्हता. वजनगट नव्हते, फेऱ्या मोजून गुण देणारे पंच नव्हते. पांढरा गी, म्हणजे जिउ-जित्सूचा जाड सदरा-पायजमा, घातलेला रॉइस लांबूनच समोरच्याच्या गुडघ्याच्या रोखाने लाथ टाकायचा, हेतू मारण्याचा कमी आणि अंतर राखण्याचा जास्त. मग एकदम आत शिरून मिठी मारायची आणि खाली. मुष्टियोद्धा आर्ट जिमरसन एकाच हातात ग्लोव्ह घालून आला होता. रॉइस छातीवर बसल्यावर त्याने एकही चोक न लागता शरणागती पत्करली. केन शॅमरॉकचा गळा आवळला गेला. अंतिम लढतीत हॉलंडच्या जेरार्ड गोर्डोने रॉइसचा कान चावला, त्याचाही शेवट गळ्याच्या पेचातच झाला. तेव्हा ऐंशी वर्षांचे असलेले हेलियो जातीने हजर होते. रॉइसने पुढे दुसरी आणि चौथी यूएफसीही जिंकली. चौथ्या यूएफसीत डॅन सेव्हर्न हा कसलेला, वजनाने कितीतरी भारी पैलवान पंधरा मिनिटांहून अधिक काळ त्याच्या अंगावर होता. शेवटी रॉइसने खालूनच पायांचा त्रिकोण करून त्याची मान अडकवली.

आत्मसंरक्षणवाले आजही याच लढतींकडे बोट दाखवतात, आणि ते समजण्यासारखं आहे. पण त्यातलं निम्मं श्रेय समोरच्यांच्या अज्ञानाला द्यायला हवं. गार्ड म्हणजे काय हे ज्यांनी कधी पाहिलंच नव्हतं अशा लोकांवर ही विद्या चालवली गेली होती. जाणत्या गड्याशी गाठ पडली तेव्हा हेलियोंना स्वतःलाही ते जड गेलं होतं. १९५१मध्ये रिओच्या माराकानामध्ये जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुराने त्यांचा हात पाठीमागे असा पिळला की थोरल्या कार्लोसला टॉवेल फेकावा लागला. त्या पेचाला आज जगभर किमुराच म्हणतात. १९५५मध्ये त्यांचाच जुना शिष्य वाल्देमार सांताना समोर आला. साडेतीन तासांहून जास्त चाललेली ती लढत हेलियो हरले. पुढच्या वर्षी सांतानाला हरवून घराण्याची अब्रू राखली ती कार्लोसचा मुलगा कार्लसन याने.

घराण्याच्या वाटा इथून वेगळ्या होत गेल्या असं म्हणायला हरकत नाही. कार्लसनने खासगी शिकवणीची चाल सोडली. कोपाकाबानातल्या त्याच्या अकादमीत गटागटाने पोरं यायची, रोज एकमेकांशी जोर लावून भिडायची, स्पर्धा मारायची. १९६७ साली रिओत महासंघ स्थापन झाला तोही ग्रेसींच्याच पुढाकाराने, त्यामुळे स्पर्धा म्हणजे कुणा परक्याने आणलेली कीड हे म्हणणं टिकत नाही. पुढे कार्लोसचाच आणखी एक मुलगा कार्लोस ज्युनियर याने आंतरराष्ट्रीय महासंघ उभा केला आणि १९९६पासून जागतिक स्पर्धा सुरू झाल्या. गुणांचं कोष्टक मूळ मारामारीच्या तर्कावरच बेतलेलं होतं: खाली पाडलं तर २, खालून उलटवून वर आलं तर २, पोटावर गुडघा रोवला तर २, पायांचा अडसर ओलांडला तर ३, छातीवर बसलं किंवा पाठीवर कब्जा घेतला तर ४. जिथून ठोसे मारता येतील त्या जागेला जास्त गुण. हे फार कमी लोकांच्या ध्यानात येतं, पण या खेळाच्या गुणपत्रिकेत न मारलेली मूठ लपलेली आहे.

मात्र नियम लिहिणारा एक विचार करतो आणि खेळणारा भलताच. पाडलं तर दोन गुण जातात ना, मग स्वतःच खाली बसलो तर? जात नाहीत. त्यामुळे सामना सुरू होताच समोरच्याची कॉलर धरून आपणहून गार्डमध्ये बसण्याची रीत पडली. बाह्या धरून पावलं दंडांवर रोवायचा स्पायडर गार्ड आला, गीच्या लांब टोकाचा समोरच्याच्या पायाभोवती वेढा घालणारे प्रकार आले, उलटं होऊन खांद्यावर लोळत पाठ गाठायचा बेरिम्बोलो आला. बुद्धीला खाद्य म्हणून हे विलक्षण आहे, आणि कुशल जोडी खेळताना पाहणं हा आनंद आहे. पण पिंजऱ्यात अंगावर बाह्या नसतात. घामाने ओलं झालेलं मनगट साबणासारखं निसटतं. आणि बेरिम्बोलोसाठी डोकं खाली, ढुंगण वर अशा अवस्थेत फिरणाऱ्या माणसाचा जबडा समोरच्याच्या मुठीपासून वीतभर लांब असतो.

उदाहरणं हवी तेवढी आहेत. मार्सेलो गार्सिया हा बिनगीच्या कुस्तीतला जगातल्या सर्वश्रेष्ठांपैकी एक, एडीसीसीचा चार वेळा विजेता. २००७मध्ये तो एकदाच एमएमए खेळला, दक्षिण कोरियात, आणि चेहऱ्यावरच्या जखमेमुळे डॉक्टरांनी लढत थांबवली. गॅरी टोनन हा पायाचे पेच लावण्यात भल्याभल्यांना भारी. २०२२ साली वन चॅम्पियनशिपच्या किताबासाठी तो तान्ह ले याच्याशी लढला. पाय धरायला गेला तेव्हा त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते आणि डोकं उघडं. लेने वरून ठोसे घातले आणि ५६ सेकंदांत सगळं संपलं. मॅटवर पाय पकडणाऱ्याला फार तर दुसरा पाय पकडला जाण्याची भीती असते.

खुद्द ग्रेसी घराण्यातला क्रॉन याची गोष्ट आणखी बोलकी आहे. हेलियोंचा नातू, रिक्सनचा मुलगा, २०१३चा एडीसीसी विजेता. यूएफसीतली पहिली लढत त्याने पाठीवर चढून, गळा आवळून जिंकली. पण २०२३मध्ये शार्ल जुर्देंसमोर तो वारंवार आपणहून खाली बसून त्याला गार्डमध्ये ओढत राहिला, आणि पंचांनी एकमताने निकाल जुर्देंच्या बाजूने दिला. २०२४च्या डिसेंबरात ब्राइस मिचेलने त्याला उचलून आपटलं आणि कोपराने लढत संपवली. गार्डमधून उचलून आपटणं जिउ-जित्सूच्या स्पर्धेत निषिद्ध आहे, आपटणारा बाद होतो. त्यामुळे वर उचललं जाताच पाय सोडून द्यायची सवय बऱ्याच खेळाडूंच्या अंगी मुरतच नाही.

इतकं वाचून आत्मसंरक्षणवाल्यांच्या पारड्यात मत टाकावंसं वाटेल. त्याआधी १९९८ची एक लढत पाहायला हवी. यूएफसी तीनदा जिंकून जगप्रसिद्ध झालेला रॉइस रिओत गी घालून कार्लसनचा शिष्य वालिद इस्माईलसमोर उभा राहिला. गुण नाहीत, वेळेची मर्यादा नाही, म्हणजे सगळं रॉइसच्या घराण्याच्या मनासारखं. पाच मिनिटांच्या आत वालिदने कॉलरने त्याचा गळा असा आवळला की रॉइसची शुद्ध हरपली. वालिद काही नवं जाणत होता असं नाही. तो फक्त वर्षानुवर्षं रोज आपल्याच तोडीच्या पोरांशी भिडत आला होता. हा वालिद ठोशांच्या लढतीतही कच्चा नव्हता. १९९१मध्ये लुता लिव्रे या प्रतिस्पर्धी पंथाविरुद्ध ठोशांसकट झालेल्या गाजलेल्या लढतींत जिउ-जित्सूकडून जिंकणाऱ्यांपैकी तो एक.

स्पर्धेची खरी देणगी ही आहे. ऐकून घेणाऱ्या जोडीदारावर डाव शंभर वेळा घोटला तरी तो डाव येतो असं म्हणता येत नाही. जो जिवाच्या आकांताने विरोध करतोय आणि ज्याला तुमचा डाव आधीच माहीत आहे, त्याच्यावर तो लागला तर येतो. शिवाय एमएमएतला प्रतिस्पर्धी दारू पिऊन अंगावर आलेला गल्लीगुंड नसतो. आत्मसंरक्षणाच्या वर्गात शिकवतात तसा लांबून वळसा घेणारा आडदांड ठोसा तो टाकत नाही, सरळ आणि तोकडा टाकतो, पाठोपाठ लाथही येते. हातात चाकू असलेल्या किंवा टोळक्याने आलेल्या माणसांसाठीचे धडे पिंजऱ्यात अर्थातच बिनकामाचे.

तग धरण्याच्या तत्त्वालाही पिंजऱ्याने सुरुंग लावला, तोही घड्याळाच्या मदतीने. १९९५मध्ये रॉइस आणि शॅमरॉक पुन्हा भिडले, ३६ मिनिटांनी लढत बरोबरीत सुटली आणि रॉइसने यूएफसी सोडली. २०००मध्ये टोकियो डोममध्ये काझुशी साकुराबाशी लढताना ग्रेसींनी अट घातली: फेऱ्यांना मर्यादा नको, निकाल लागेपर्यंत लढायचं. पंधरा मिनिटांच्या सहा फेऱ्या झाल्या. साकुराबाने लाथांनी रॉइसचे पाय झोडपले, त्याच्याच गीला धरून त्याला खेळवलं, आणि ९० मिनिटांनंतर टॉवेल पडला तो ग्रेसींच्या कोपऱ्यातून. म्हणजे निकाली कुस्तीचा आग्रह ज्यांनी धरला, निकालही त्यांच्याच विरुद्ध लागला.

आता तर पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, किताबासाठी पाच. खाली राहून चिवटपणे तग धरणारा वेळ काढत नसतो, फेरी गमावत असतो. २०१०मध्ये किताबधारी अँडरसन सिल्वा चार फेऱ्या चेल सॉनेनच्या अंगाखाली मार खात होता. पाचव्या फेरीत पायांच्या त्रिकोणात सॉनेन सापडला नसता तर किताब गेलाच होता. गार्डमधून जिंकता येतंच नाही असं यावरून म्हणू नये. त्याच वर्षी फॅब्रिसियो वेर्दुमने, जो जिउ-जित्सूचा जगज्जेता, अजिंक्य मानल्या गेलेल्या फेदोर एमेलियानेंकोला गार्डमधून ६९ सेकंदांत शरण आणलं. २००२मध्ये जिउ-जित्सूतल्याच नोगेइराने दीडशे किलोंहून वजनदार बॉब सॅपचा मार पहिल्या फेरीभर सोसला, सुरुवातीलाच डोक्यावर आपटला गेला, तरी दुसऱ्या फेरीत त्याचा हात उलटा केलाच. नोगेइराचा गुरू रिकार्दो दे ला रिव्हा. ज्याच्या नावाचा गार्ड आज स्पर्धांचा लाडका आहे, तोच. मग ठोशांचं जिउ-जित्सू कुठे संपलं आणि स्पर्धेचं कुठे सुरू झालं? रेघ ओढणं वाटतं तितकं सोपं नाही.

ज्याने ही रेघ सर्वांत हुशारीने पुसली तो साओ पावलोचा डेमियन माया. तोही एडीसीसीचा विजेता, २००७चा. यूएफसीत आल्यावर पहिल्या पाचही लढती त्याने पेच लावून जिंकल्या आणि मग २००९मध्ये नेट मार्क्वार्टने त्याला २१ सेकंदांत ठोशाने आडवा केला. नंतर काही वर्षं माया मुष्टियुद्ध सुधारण्याच्या मागे लागला, ते बेताचंच जमलं. २०१२मध्ये तो वजन उतरवून खालच्या गटात गेला आणि स्वतःच्या मूळ विद्येकडे परतला, पण तिच्यात भरपूर काटछाट करून. उरलं ते थोडकंच: पिंजऱ्याच्या जाळीपर्यंत ढकलत न्यायचं, एकेरी पट काढायचा, पट अडला तर स्वतः खाली जाऊनही तोच पाय सोडायचा नाही, तिथून उलटवून वर यायचं, आणि वर आलं की पाठीवर. पाठीवर चढलेल्यापर्यंत ठोसा पोचत नाही. आणि खालच्याला आपले दोन्ही हात गळा वाचवण्यात गुंतवावे लागतात. हाफ गार्ड, म्हणजे समोरच्याचा एकच पाय अडकवलेला गार्ड, तिथून पाय धरून उठणं हे स्पर्धेतलं तंत्र. ठोसा पोचणारच नाही अशा जागी राहणं हा हेलियोंचा धडा. गुन्नार नेल्सनला त्याने तीन फेऱ्या अक्षरशः दडपून ठेवलं. २०१६मध्ये कार्लोस काँडिट हा माजी अंतरिम विजेता दोन मिनिटांच्या आत गळ्याच्या पेचात सापडला.

त्याचीही मर्यादा उघडी पडली. २०१७मध्ये किताबासाठी टायरन वुडलीसमोर त्याने वीसहून जास्त वेळा पट काढायचा प्रयत्न केला, एकही लागला नाही. वुडली कॉलेजातला कसलेला पैलवान. जमिनीवरची लढाई कितीही येत असली तरी लढाई जमिनीवर न्यायची की नाही हे ज्याची कुस्ती सरस तो ठरवतो. २००६मध्ये रॉइस अकरा वर्षांनी यूएफसीत परतला तेव्हा मॅट ह्यूज या पैलवानाने त्याला हेच शिकवलं, पहिल्याच फेरीत. ह्यूजला जिउ-जित्सू पुरेसं येत होतं, रॉइसला कुस्ती येत नव्हती.

तेव्हा एमएमएसाठी तयारी करणाऱ्याने कुठल्या वर्गात जावं? स्पर्धेच्या, पण तिथला सगळा माल घरी आणू नये. वर राहणं, पाठ गाठणं, छातीवर बसणं, खालून उठणं, गिलोटिन आणि पाठीमागून गळा, एवढं आणावं आणि रोज विरोध करणाऱ्या गड्यावर पारखावं. चांगल्या एमएमए जिममध्ये जमिनीवरचा सराव छोटे ग्लोव्ह घालून होतो, कारण त्यातही बारकावे आहेत. उघडा हात हनुवटीखाली सरकतो तिथे ग्लोव्हचं जाड पॅड अडकतं. जिउ-जित्सूच्या मॅटला भिंत नसते. पिंजऱ्यात खालचा माणूस जाळीला पाठ लावून इंच-इंच वर सरकतो, आणि त्याला तसं सरकू न देणं ही स्वतंत्रच कला झाली आहे. वरचा अधूनमधून हलके ठोसे टाकत राहतो. ठोसा आला की खालच्याचे कोपर उचलले जातात आणि पेच लागतात ते तिथेच. ठोसा आणि पेच यांची ही सांगड दोन्ही जुन्या घरांपैकी एकानेही पुरेशी शिकवली नव्हती.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या टोकाने येतो, कारण आपल्या पोरांच्या अंगात कुस्ती आधीच असते. २०१२मध्ये मुंबईत सुपर फाइट लीग सुरू झाली, तेव्हापासून बरेच पैलवान इकडे वळले. भारतातून यूएफसीत पोचलेला पहिला लढवय्या भरत खंडारे हा महाराष्ट्रातलाच, कुस्तीतून आलेला. नोव्हेंबर २०१७मध्ये शांघायला चीनच्या साँग यादोंगसमोर तो उतरला आणि पहिल्याच फेरीत गिलोटिनमध्ये अडकला. कुस्तीत पट काढताना मान बाहेर राहिली तर फार तर पट फसतो. तिथे ती मान आवळणारा कुणी नसतो, त्यामुळे पिंजऱ्यात मान कुठे ठेवायची याचा विचार वेगळाच करावा लागतो. पैलवानाला जिउ-जित्सूतून आधी काय शिकवावं याचं उत्तर अशा लढतींत आहे: पटात शिरताना मान वाचवणं, आणि पाठीवर पडलो तरी घाबरून पालथं न होणं. पालथं होणं ही कुस्तीतली शहाणी सवय, पिंजऱ्यात तीच पाठ गाठायला आयतं निमंत्रण ठरते.

एशियाडमध्ये जिउ-जित्सू २०१८च्या जकार्तापासून आहे, गुणांच्या नियमांनुसार, गी घालून. २०२६च्या आइची-नागोया एशियाडसाठी एमएमएचाही समावेश जाहीर झाला आहे. म्हणजे शिबिरं, निवड चाचण्या, सरकारी नोकऱ्यांचे गुण या सगळ्या वाटा आता दोन्ही खेळांना खुल्या होऊ लागतील, आणि एकाच तालमीतली पोरं कदाचित सकाळी कॉलर धरायला शिकतील आणि संध्याकाळी ग्लोव्ह घालून तीच पकड सोडायला.